नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर माणसे कशी जोडावीत

नव्या ठिकाणी राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मला एका दवाखान्यात जावे लागले. तिथे भरायला दिलेल्या फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ असा एक रकाना होता. सवयीने मी धाकट्या भावाचे नाव लिहिले आणि मग लक्षात आले की तो रात्रभराच्या प्रवासाइतका लांब आहे. त्याला कळवले तरी तो काळजी करत बसण्यापलीकडे त्या क्षणी काहीही करू शकणार नाही. खोकी उघडून झाली होती, पत्ता सगळीकडे बदलून झाला होता, घर लागले होते, पण हाकेच्या अंतरावर एकही माणूस नव्हते. तो रकाना मनापासून भरता येण्याला मला साधारण दीड वर्ष लागले आणि त्यातले निदान सहा महिने मी चुकीच्या पद्धतीने प्रयत्न करण्यात घालवले.

माझी चूक अशी की मी जास्तीत जास्त लोकांना भेटण्याच्या मागे लागले. या आठवड्यात एक व्याख्यान, पुढच्या आठवड्यात एक प्रदर्शन, त्यानंतर कुणाच्या तरी ओळखीने एखादा मेळावा असा माझा क्रम चालला होता आणि प्रत्येक ठिकाणी नाव, कामधंदा सांगून, नंबर देऊन-घेऊन मी समाधानाने घरी येत असे. सहा महिन्यांनी माझ्या फोनमध्ये चाळीसेक नवे नंबर होते आणि त्यांपैकी एकालाही ‘काही काम नाही, सहज फोन केला’ असे म्हणता आले नसते. चाळीस माणसांना एकेकदा भेटून चाळीस ओळखीसुद्धा होत नाहीत. चार माणसांना दहा-दहा वेळा भेटले, तर त्यांतून एखादी मैत्री निघू शकते. पुढे जे काही सांगितले आहे ते सगळे या हिशेबावर उभे आहे.

आधी हिशेब समजून घ्यावा

शाळा-कॉलेजात मैत्री आपोआप झाली असे आपल्याला वाटते, पण तिथे आपल्या वतीने वेळापत्रक राबत होते. तेच बाक, तेच चेहरे, आठवड्यातले पाच-सहा दिवस, आणि हे सगळे वर्षानुवर्षे. मोठेपणी घर बदलल्यावर आपला स्वभाव बदललेला नसतो. राबणारे वेळापत्रक तेवढे गेलेले असते, आणि ते आता आपल्यालाच आखावे लागते.

माणसांची नुसती जवळीक किती काम करते, याचा एक जुना आणि प्रसिद्ध अभ्यास आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकणाऱ्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी कोणाची कोणाशी मैत्री आहे याची पाहणी केली आणि ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. शेजारी कोण असावा हे तिथल्या रहिवाशांनी निवडलेले नव्हते. तरीही एकाच मजल्यावर अगदी लगतच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटले, एक दार सोडून पलीकडे राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांवर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत ते जेमतेम १० टक्के राहिले. ही दोन टोके काही दूर नव्हती, चालत अर्धे मिनिटही लागले नसते. शिवाय तळमजल्यावर जिन्यालगत राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरील लोकांशी जास्त ओळखी झाल्या होत्या, कारण वरच्यांची रोजची ये-जा त्यांच्या दारावरून होती. म्हणजे स्वभाव, आवडीनिवडी या गोष्टींच्या आधी वाट एक असणे महत्त्वाचे ठरले होते.

पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मला फार धीर देणारा वाटतो. त्यांनी दिसायला साधारण सारख्या असलेल्या चार तरुणींना एका मोठ्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसवले. एक संपूर्ण सत्रात एकदाही आली नाही, बाकीच्या तिघी अनुक्रमे ५, १० आणि १५ वेळा आल्या, आणि कोणीही कोणाशी बोलले नाही. सत्राच्या शेवटी फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती विद्यार्थ्यांना जास्त आवडली, जरी ‘ही तर आपल्या वर्गातली’ अशी ओळख बहुतेकांना पटली नव्हती. ज्यांना चारचौघांत पटकन बोलता येत नाही, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की गप्प बसून नियमित हजर राहणे हेसुद्धा वाया जात नाही.

आता वेळेचा प्रश्न. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नुकतेच घर बदललेल्या प्रौढांना आणि नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना विचारून, ओळखीची मैत्री व्हायला एकत्र किती तास जावे लागतात याचा अंदाज काढला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीपासून वरवरच्या मैत्रीपर्यंत यायला सुमारे ५० तास, ‘मित्र’ म्हणण्यापर्यंत सुमारे ९० तास आणि जिवलग होण्यापर्यंत २०० हून अधिक तास लागतात. त्यातही ऑफिसात शेजारी-शेजारी बसून काम केलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, खेळ, भटकणे, एकमेकांकडे जाणे यांत गेलेला वेळ खरा मोजला जातो. आठवड्याला दोन तासांच्या एका वर्गात कोणी भेटत असेल, तर ५० तास भरायला २५ आठवडे लागतील, आणि २०० तास भरायला जवळजवळ दोन वर्षे. चार महिन्यांत जिवाभावाचे कोणी मिळाले नाही म्हणून जो स्वतःला दोष देतो, त्याने हा गुणाकार एकदा करून पाहावा.

ठिकाण निवडताना

म्हणून पहिले काम म्हणजे असे एक किंवा फार तर दोन उपक्रम निवडणे, जिथे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, बहुतेक तीच माणसे येतात. समूहगायनाची तालीम, नृत्याचा वर्ग, टेकडीवर जाणारा गट, बॅडमिंटनचा ठरलेला खेळ, वाचकांचा गट, भाषेचा वर्ग, एखाद्या संस्थेतले स्वयंसेवी काम यांपैकी काहीही चालते. विषयाची अतिशय ओढ असलीच पाहिजे असे नाही. पण तो इतका रटाळही नसावा की पावसाळी संध्याकाळी घरीच थांबावेसे वाटेल. अंतराचेही तसेच आहे. दिवसभर दमल्यावर तास-तास प्रवास करून जाण्याचा निश्चय तिसऱ्या आठवड्यात गळून पडतो, त्यामुळे थोडा कमी आवडीचा पण पाच मिनिटांवरचा वर्ग हा खूप आवडीच्या पण लांबच्या वर्गापेक्षा बरा.

निवडताना आणखी एक पाहावे, ते म्हणजे त्या उपक्रमात बोलायला फट आहे की नाही. कानात इअरफोन घालून व्यायाम करणाऱ्या जिममध्ये लोक तेच असतात, वेळही तीच असते, आणि तरी वर्षभरात कोणी कोणाशी बोलत नाही. व्याख्यानमालेत सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. याउलट जिथे आळीपाळीने खेळावे लागते, वाट पाहावी लागते, काहीतरी मिळून उचलावे-मांडावे लागते, तिथे बोलणे आपसूक निघते.

एकदा ठिकाण निवडले, की निदान आठ ते दहा वेळा गेल्याशिवाय ‘इथे काही जमत नाही’ असा निकाल देऊ नये. पहिल्या तीन खेपांना आपण पाहुणे असतो. चौथ्या-पाचव्या खेपेला कोणीतरी ‘मागच्या वेळी आला नव्हतात का?’ असे विचारते, आणि आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात आली ही खरी सुरुवात असते. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोचावे आणि संपल्यावर लगेच निघू नये, कारण ओळखी मुख्य कार्यक्रमात होत नाहीत. त्या चपला घालताना, खुर्च्या रचताना, कोणाची तरी गाडी यायची वाट पाहताना होतात. जमल्यास एखादे छोटे काम अंगावर घ्यावे. हजेरी मांडणे, किल्ली आणणे, पुढच्या वेळेचा निरोप सगळ्यांना पाठवणे अशा कामामुळे नवख्या माणसाला उभे राहायला जागा मिळते आणि लोकांना त्याच्याशी बोलायला कारण मिळते.

मी शेवटी घराजवळच्या एका समूहगायनाच्या तालमीला जाऊ लागले. आवाज माझा बेताचाच. पाचव्या आठवड्यात मी गाण्याचा कागद घरी विसरले, तेव्हा शेजारच्या साठीच्या बाईंनी आपला कागद दोघींच्या मध्ये धरला. सहाव्या आठवड्यात मी पुन्हा विसरले. त्या कागद सरकवत म्हणाल्या, “आज पण? असू दे, तसंही मला एकटीला ही बारीक अक्षरं दिसत नाहीत. तुम्ही ओळ दाखवा, मी सूर सांगते.” त्या दिवसापासून मी कागद मुद्दाम एकच आणू लागले, मोठ्या अक्षरांत छापलेला. त्यांना मी ताई म्हणू लागले आणि त्या मला काही महिन्यांनी, मध्येच एकदा, न ठरवता ‘अगं’ म्हणाल्या. आपल्या भाषेची ही एक सोय आहे: अहो-जाहोचे अगं-तुगं कधी झाले, त्यावरून नाते कुठवर आले ते कळते. मात्र ती घाई आपण करू नये, विशेषतः समोरचे माणूस वयाने मोठे असेल तर.

शेजार

शेजाऱ्यांच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे, कारण नवेपणाची सवलत दोन-तीन आठवडेच टिकते. त्या काळात कोणाचेही दार वाजवून ‘आम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलो आहोत, म्हटलं ओळख करून घ्यावी’ एवढे म्हटले तरी ते शोभून दिसते. तीन महिने जिन्यात नुसते हसून झाल्यावर ‘आपले नाव काय’ हे विचारणे अवघड होऊन बसते, आणि मग वर्षानुवर्षे ‘दोन मांजरीवाले’ आणि ‘लाल गाडीवाले’ अशीच नावे आपल्या घरात रूढ होतात. भेट दारातच आणि पाच मिनिटांची असावी. नाव सांगावे, नाव विचारावे, कचरा कोणत्या वेळी नेतात किंवा जवळचा चांगला प्लंबर कोण असा एखादा साधा प्रश्न विचारावा आणि निघावे. घरी परतल्यावर नावे लगेच टिपून ठेवावीत. पुढच्या भेटीत नावाने हाक मारणारा नवखा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

दुसरी गोष्ट लोकांना उलटी वाटते. ओळख वाढवायची तर आपण दुसऱ्याच्या उपयोगी पडावे असे आपल्याला शिकवलेले असते. ते खरे आहेच, पण त्यांच्याकडे काहीतरी मागणे हे त्याहून लवकर काम करते. अठराव्या शतकातील अमेरिकन नेते बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की विधिमंडळातील एका विरोधकाकडे त्यांनी एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागितले, आठवडाभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केले, आणि एरवी त्यांच्याशी न बोलणारा तो गृहस्थ पुढे आयुष्यभराचा मित्र झाला. मी शेजाऱ्यांकडे शिडी मागितली होती. मागणे लहान असावे, समोरच्याला सहज देता येण्यासारखे असावे, आणि वस्तू सांगितलेल्या वेळेच्या आधी, पुसून, हाती परत द्यावी. उधार पैसे, गाडी आणि लहान मुलाला सांभाळण्याची विनंती या गोष्टी पहिल्या वर्षात मागू नयेत.

शेजारी मित्र झालेच पाहिजेत असे मात्र नाही. नुसती ओळखही पुष्कळ काम करते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले की नोकरीची बातमी बऱ्याचदा जवळच्या मित्रांकडून न येता तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीतच असते. गायनाच्या तालमीची माहिती मला शिडीवाल्या शेजाऱ्यांनी दिली होती, तीही जाता-जाता.

बोलण्याविषयी थोडेसे

संभाषणकलेवर लोक गरजेपेक्षा जास्त भर देतात असे माझे मत आहे, म्हणून हा भाग आटोपशीर ठेवते. अनोळखी माणसाशी बोलायला गेलो तर तो वैतागेल, ही भीती बहुतेक वेळा खोटी ठरते. शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी ट्रेन-बसच्या प्रवाशांवर प्रयोग करून २०१४ मध्ये दाखवले की शेजारच्याशी बोललेल्या लोकांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा चांगला गेला, आणि आधी विचारले असता लोकांचा अंदाज नेमका उलटा होता. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: पहिल्या भेटीनंतर आपण समोरच्याला कितपत आवडलो याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असतो. म्हणजे घरी येऊन ‘मी उगाच काय बोलले’ म्हणून आपण जो उजळणीचा तास घेतो, त्या वेळी समोरचे माणूसही बहुधा तेच करत असते.

प्रश्न विचारताना यादी घेऊन बसल्यासारखे विचारू नये. कुठे राहता, काय करता, घरी कोण-कोण असते असा तिहेरी मारा झाला की ती गप्पा न राहता चौकशी होते. एकच प्रश्न विचारावा आणि आलेल्या उत्तरातून पुढचा काढावा. ‘मी आधी नाटकात काम करायचो’ असे कोणी म्हणाले, तर ‘अच्छा, आणि आता?’ यापेक्षा ‘पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिलात तेव्हा काय झाले?’ हा प्रश्न त्यांना बोलते करतो. मध्ये-मध्ये स्वतःचेही काही सांगावे, तेवढ्याच वजनाचे. समोरच्याने आपली एक अडचण सांगितली आणि आपण नुसतीच मान डोलावली, तर त्याला आपण उघडे पडलो असे वाटते.

एका सवयीबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिच्यामुळे मी एक चांगली ओळख गमावली. ‘आमच्या आधीच्या ठिकाणी असे नव्हते’ हे वाक्य नव्याने आलेल्या माणसाच्या तोंडून दिवसातून दहा वेळा निघते. रस्ते, हवा, लोकांची बोलण्याची पद्धत, दुकानांच्या वेळा, सगळ्याची तुलना चालू राहते. आपल्या दृष्टीने ती हळहळ असते, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती त्याच्या घराची निंदा असते. तालमीला येणाऱ्या एका समवयस्क बाईंनी माझी अशी दोन-तीन वाक्ये ऐकून घेतली आणि चौथ्या वेळी शांतपणे म्हणाल्या, “मग तुम्ही परत का जात नाही?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कुतूहल होते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर त्या माझ्याशी सभ्यपणे वागल्या, पण बोलणे तिथेच थांबले. तुलना करायचीच तर ती प्रश्नाच्या रूपात करावी: ‘इथे हे असे का असते?’ म्हटले की तिथला जुना माणूस खुलून सांगू लागतो.

ठरलेल्या जागेबाहेर पाऊल टाकणे

इथपर्यंत पुष्कळ लोक येतात आणि इथेच अडकतात. वर्गात दर आठवड्याला हसून-खेळून बोलणे होते, पण वर्ग सुटला की जो तो आपापल्या घरी. ओळख त्या खोलीबाहेर काढल्याशिवाय तिची मैत्री होत नाही, आणि ती बाहेर काढण्याचे काम जवळजवळ नेहमी नव्या माणसालाच करावे लागते. हे अन्यायाचे वाटते, पण त्याचे कारण साधे आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीप्रमाणे माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात पाचेक, त्याबाहेर पंधराएक आणि एकंदर टिकाऊ ओळखीच्या वर्तुळात सुमारे दीडशे माणसे मावतात. जुन्या रहिवाशांची आतली वर्तुळे भरलेली असतात, त्यांचे रविवार वाटले गेलेले असतात. आपण त्यांना आवडत नाही म्हणून ते बोलावत नाहीत असे नसते, त्यांना आपली उणीवच भासत नसते. म्हणून सुरुवातीला ज्यांच्या वर्तुळात नुकतीच जागा झाली आहे अशा लोकांकडे लक्ष द्यावे: आपल्यासारखेच नव्याने आलेले, नुकतेच निवृत्त झालेले, नुकतेच आईबाप झालेले, ज्यांचा जवळचा मित्र गाव सोडून गेला आहे असे.

आमंत्रण कसे असावे याला फार महत्त्व आहे. ‘एकदा भेटू या निवांत’ हे आमंत्रण नव्हे, तो निरोप घेण्याचा एक प्रकार आहे. दिवस, वेळ, जागा आणि किती वेळ लागेल एवढे सगळे त्यात यावे, आणि नाही म्हणायला वाट ठेवावी. उदाहरणार्थ: ‘शनिवारी सकाळी सात वाजता मी तलावाला एक चक्कर मारायला जाणार आहे, साधारण तासभर. यायचे असेल तर या, नसेल जमत तर पुढे कधी.’ अशा आमंत्रणात आपण जाणारच असतो, त्यामुळे समोरच्यावर ओझे पडत नाही आणि नकार आला तरी आपला शनिवार फुकट जात नाही. पहिली भेट चालत-चालत किंवा काहीतरी करताना झाली तर उत्तम. समोरासमोर बसून दोन तास बोलायचे म्हटले की दोघांवरही दडपण येते. घरी बोलवायचे असेल तर तीन-चार जणांना एकदम बोलवावे आणि घर आवरून होण्याची वाट पाहू नये. भिंतींना रंग देऊन झाल्यावर बोलावू म्हणणाऱ्यांकडे दोन वर्षे कोणी आलेले नसते.

नकाराचे दोन प्रकार असतात. ‘या शनिवारी नाही, पण पुढच्या चालेल का’ हा नकारच नव्हे. ‘नाही जमणार’ एवढेच उत्तर आले, तर दोन-तीन आठवडे जाऊ देऊन पुन्हा एकदा विचारावे, आणि मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तसेच उत्तर आले तर विचारणे थांबवावे, बोलणे थांबवू नये. गायनाच्या तालमीतील एक गृहस्थ तीनदा नाही म्हणाले होते. पुढे कळले की त्यांच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि ते त्या तालमीपुरतेच घराबाहेर पडत असत. शेवटचा फोन कोणी केला, मागच्या वेळी कोणी बोलावले होते, याची वही पहिल्या सहा महिन्यांत उघडू नये. वर्ष उलटल्यावरही प्रत्येक वेळी आपणच बोलावत असू, तर मात्र ती वही काढून पाहण्यात काही गैर नाही.

काही वेगळ्या परिस्थिती

घरून काम करणाऱ्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी ठरलेल्या वेळी वाचनालय किंवा तशाच सार्वजनिक जागी जाऊन बसावे. जोडीदाराच्या नोकरीमुळे ज्यांना यावे लागले आहे, त्यांनी जोडीदाराच्या ऑफिसातील कुटुंबांवर सगळा भार टाकू नये. तिथे आपली ओळख ‘अमक्यांची पत्नी’ किंवा ‘तमक्यांचे यजमान’ अशीच राहते, म्हणून स्वतःच्या नावाने जाता येईल असा एखादा उपक्रम वेगळा हवा. मुलांच्या शाळेच्या दाराशी भेटणाऱ्या पालकांचेही तसेच आहे: मुलाच्या नावामागून आपले स्वतःचे नाव आवर्जून सांगावे. भाषा वेगळी असलेल्या ठिकाणी त्या भाषेचा वर्ग हे सगळ्यांत चांगले ठिकाण, कारण तिथे सगळेच चुकतात आणि सगळ्यांनाच मित्र हवे असतात.

इंटरनेटवरून परिचय झालेल्यांना भेटताना पहिल्या काही भेटी वर्दळीच्या जागी, दिवसा कराव्यात आणि कोठे जातो आहोत ते कोणाला तरी कळवून जावे. नवख्या माणसाचा एकटेपणा ओळखून त्याला गाठणारे लोकही असतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गुंतवणूक योजना, विक्रीची साखळी किंवा पैशांची अडचण निघाली, तर तिथूनच माघारी फिरावे.

जुन्या मित्रांचे काय करावे, हाही प्रश्न येतो. पहिले तीन महिने माझी प्रत्येक संध्याकाळ त्यांच्याशी फोनवर बोलण्यात जात होती, आणि त्यामुळे मला नव्या माणसांची निकड वाटत नव्हती. त्यांना सोडायचे नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातली एक-दोन वेळा ठरवून घ्यावी आणि उरलेल्या संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगात सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, त्यामुळे तो वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र दीर्घकाळ एकटे राहिलेले मन साध्या गोष्टीतही नकार पाहू लागते: मेसेजला उशिरा उत्तर आले, म्हणजे त्यांना आपण नकोसे झालो. ही खोड लक्षात आली की मेसेज पुन्हा वाचत बसण्याऐवजी सरळ फोन करावा. काही आठवडे झोप, भूक आणि कामातले लक्ष उडाले असेल, लोकांना भेटण्याची इच्छाच होत नसेल, तर हा उपक्रम निवडण्याचा प्रश्न राहिलेला नसतो; तेव्हा डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोलावे.

जुळलेली मैत्री टिकवण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय अगदी किरकोळ आहे. कोणाचाही निरोप घेताना पुढची भेट तिथेच, दारात उभ्या-उभ्या ठरवायची आणि दोघांनीही फोनमध्ये टिपून ठेवायची. भेट रद्द करावी लागली, तर रद्द करणाऱ्यानेच त्याच मेसेजमध्ये नवा दिवस सुचवायचा, असा तालमीच्या ताईंचा आणि माझा करार आहे. गेल्या महिन्यात त्यांनी दोनदा रद्द केले आणि दोन्ही वेळा दिवस सुचवला. उद्या सकाळी सातला आम्ही तलावावर जाणार आहोत, आणि ‘माझ्या घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे द्यायची मला आठवण कर’ असे त्यांनी आत्ताच कळवले आहे, कारण किल्ली आत राहून त्यांचे दार पुन्हा ओढले गेले आहे.